आमच्या घराण्याचं वल्हेबोट

हाल्गाविक,
ऑक्टोबर, मेंढ्यांचं काम उरकल्यानंतरचा रविवार

आदरणीय हेदिनमामा,

तुमच्या भाचीचा समुद्रापलीकडून वाकून नमस्कार. मामींनाही. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, मामींचा खोकला गेला का, आणि डेन्मार्कच्या त्या सपाट जमिनीवर तुम्हाला अजूनही चुकल्यासारखं वाटतं का, ते सविस्तर कळवावं. इकडे सगळं क्षेम आहे असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे, म्हणून मी तसं लिहिलं होतं. मग वाचलं आणि खोडलं, कारण ते पुरतं खरं नव्हतं. मग वाटलं, खोडलेलं पाहून तुम्ही उगाच घाबराल, म्हणून नवा कागद घेतला. तर क्षेम आहे. कोणी गेलेलं नाही, छप्पर उडालेलं नाही, मांस वाऱ्यावर सुकायला टांगलं आहे. पण गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरात जे घडलं, त्याचा धक्का मला अजून बसतोच आहे. एकदा बसला आणि संपला, असं झालेलं नाही.

सुरुवात मालानच्या मुलीच्या लग्नात झाली. (मालान म्हणजे आमच्या खालच्या घरातली. तिच्याकडे साखर मागायला गेलं की वाटी भरते आणि कानही.) जेवणं झाली, फेर धरला. बाबा नेहमीप्रमाणे म्होरके, तेच गाणं सांगत होते. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. गाण्यातला वीर अजून घोड्यावरही बसला नव्हता, म्हणजे शंभरेक कडवी बाकी होती. माझा उजवा हात मालानच्या हातात होता. तिने तो चाचपला, पुन्हा चाचपला, आणि दोन कडव्यांच्या मधल्या श्वासात अख्ख्या फेराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सुन्वा, हातात वाटाणा धरून नाचतेस होय गं?" वाटाणा नव्हता. अनामिकेच्या खाली, तळहाताच्या कातडीत एक घट्ट गाठ होती, आणि मला ती उन्हाळ्याच्या आधीपासून माहीत होती. (माहीत होती, की ती नाहीच असं मी ठरवलं होतं, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. डायरीत मी तिचा उल्लेख 'ते' असा करत होते, त्यावरून काय ते समजावं.)

बाबांचं कडवं चुकलं. मामा, बाबांचं कडवं चुकलेलं पाहिलेला माणूस आमच्या गावात तरी नाही. फेर थांबला. ते फेर ओलांडून माझ्याजवळ आले, माझा तळहात अंगठ्याने दाबून पाहिला, अनामिका ओढून पाहिली. ती पुरती सरळ होईना. बाबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "आलं." एवढंच. लोकांनी माझं असं अभिनंदन केलं की नवरी बाजूला राहिली, आणि मालान आजवर मला ते ऐकवते, जणू गाठ मी मुद्दाम त्या दिवसासाठी राखून ठेवली होती.

वल्हेबोट म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आईच्या लग्नात बाबांनी ते तुम्हा सगळ्यांना सूप निवेपर्यंत सांगितलं होतं म्हणे. आमचा मूळपुरुष नॉर्वेहून वल्हं मारत आला, इतकं घट्ट धरून की किनारा लागल्यावर बोटं उघडेनात. तेव्हापासून घराण्याच्या खऱ्या वारसाचं बोट चाळिशीनंतर तळहाताकडे वळतं, आणि ज्याचं वळलं तो फेराचा म्होरक्या. बाबांचं तर चाळिशीची वाटही न पाहता चोविसाव्या वर्षीच वळलं, हा ते खास मान समजतात. माझ्या भावाची बोटं सरळ आहेत आणि तो बँकेत आहे. या दोन गोष्टी बाबा एकाच सुरात सांगतात. त्यामुळे माझी गाठ म्हणजे त्यांना बुडता बुडता हाताला लागलेली फळी होती. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सगळ्या गावाला कॉफीला बोलावून माझं नाव पुढचा म्होरक्या म्हणून जाहीर करायचं त्यांनी ठरवलं, आणि मला ते मालानकडून कळलं.

त्यानंतर लोक हात पाहायला येऊ लागले. रूबार्बच्या आंबट देठांच्या मुरांब्याचे केक आईने किती भाजले याचा हिशोब मी ठेवला नाही. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा: आपल्या गावात किती गाठी आहेत, याचा. जो येई तो कॉफीचा दुसरा कप झाला की हळूच स्वतःचा हात टेबलावर ठेवी. मालानचं मधलं बोट रोज सकाळी मिटलेलंच राही, दुसऱ्या हाताने ओढलं की कडी निघाल्यासारखं टक् करून उघडे. तिच्या मते तेही वल्हेबोटच होतं, म्हणजे तीही आमच्या घराण्याची. "तुझी आजी आमच्या मेंढ्या राखायची," बाबा म्हणाले. "राखायची ना," मालान म्हणाली, "म्हणजे डोंगरावर कोण कोण होतं, ते तीच जाणे." बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चर्चची झाडलोट करणाऱ्या दान्यालला मनगटाच्या पाठीवर कबुतराच्या अंड्याएवढा फुगा आला होता. त्याला बोटाशी देणंघेणं नव्हतं, पण गाठ ती गाठ. त्यावर जुना उपाय म्हणजे जाडजूड बायबल जोरात आपटणं. ते दोनदा झालं होतं. फुगा जाई आणि पुन्हा येई. (दुसऱ्या खेपेला ग्रंथ मीच उचलून दिला होता. धर्मग्रंथाचा असा उपयोग करणं पाप आहे की श्रद्धा, यावर मी बराच विचार केला, ठरलं नाही.)

आता माझ्याविषयी. शाळेत शिकवायला दोन बोटं वाकली तरी चालतात. पण रविवारी चर्चमध्ये ऑर्गन मी वाजवते, आणि मामा, माझ्या आयुष्यात मी न चुकता आणि मनापासून करते अशी ती एकच गोष्ट आहे. सप्टेंबरमध्ये अनामिका इतकी वळली की ती एकाच वेळी दोन पट्ट्यांवर पडू लागली. एका अंत्यविधीच्या भजनात मी असा सूर काढला की मयताच्या बहिणीने मागे वळून पाहिलं. पाद्रीबाबा नंतर म्हणाले की आज वादनात फार दुःख होतं. त्यांना संगीत कळत नाही, हे आपल्या घरातच राहू द्या. बोट असंच वळत गेलं, तर नाताळची प्रार्थना माझी शेवटची ठरणार, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी राजधानीतल्या रुग्णालयात हातांच्या डॉक्टरची वेळ मागितली.

बाबांनी आधी मनाई केली. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, तरी थांबले. मग त्यांचंच मन बदललं. डॉक्टरीणबाईंनी अस्सल वल्हेबोट कधी पाहिलेलं नसणार, ते दाखवायला स्वतःच येतो म्हणाले. बाबा येणार म्हणजे आई येणार, विणकामासकट. गाडीत जागा आहे म्हटल्यावर मालान आली, आणि मालान आली म्हटल्यावर दान्याल. असे आम्ही पाच जण आणि लोकरीची एक पिशवी बोगद्यातून राजधानीला गेलो.

डॉक्टर बिरिता तरुण आहेत आणि थोडं बोलतात. नियम एकेकाने आत जाण्याचा होता. आम्ही सगळे गेलो. त्यांनी आधी दान्यालचं मनगट घेतलं, खोलीतला दिवा मालवला आणि बारीक बॅटरी फुग्याला लावली. तो कंदिलासारखा उजळला. "सांध्यातलं चिकट पाणी आहे, पिशवीत साठलेलं," त्या म्हणाल्या. "दुखत नसेल तर असू द्या. फक्त त्यावर काही आपटू नका." दान्यालने माझ्याकडे पाहिलं. मग मालान. सकाळी अडकतं का, दुखतं का, ओढलं की सुटतं का, तिन्हींना हो. "बोटाची दोरी एका नळीतून सरकते. दोरी सुजली की नळीच्या तोंडाशी अटकते. इंजेक्शनने बहुधा मोकळी होईल." मालानने विचारलं, "म्हणजे यात घराण्याचं काही नाही?" "नाही. हाताने खूप काम करता का?" "आमच्या गावात बिनकामाचे कोणीच नसतात," मालान म्हणाली, आणि फार मोठा अपमान झाल्यासारखी नर्सच्या मागून इंजेक्शन घ्यायला गेली. दान्याल तिला धीर द्यायला गेला. पुढचं घडलं तेव्हा ते दोघे खोलीत नव्हते, याबद्दल मी देवाचे आभार अजून मानते.

माझी पाळी. हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. तो टेकेना, मधून पेन्सिल आरपार गेली. गाठीपासून अनामिकेपर्यंत कातडीखाली एक दोर तणावलेला होता, तो मला त्यांनीच दाखवला. "हे अडकलेलं नाही, दुसऱ्या हातानेही सुटणार नाही. तळहाताच्या कातडीखालचा पदर जाड होऊन आखडतो. दुखत नाही, म्हणून लोक उशिरा येतात. आपल्या उत्तरेकडच्या माणसांत पुष्कळ असतं, आणि घराण्यातून येतं." बाबा खुर्चीत वाढल्यासारखे दिसले. मग त्यांनी आपला हात टेबलावर असा ठेवला, जणू पदक ठेवताहेत. डॉक्टरांनी तो उलटा केला, अंगठ्याने सगळा तळहात दाबला. मग त्यांचं बोट बाजूने पाहिलं, मग पाठीवरून. मग म्हणाल्या, "काका, तुमचा तळहात स्वच्छ आहे. ना गाठ, ना दोर. वाकलाय तो मधला सांधा, आणि टोक उलट वर गेलंय. इथे पाठीवर जुना व्रण आहे. हे बोट कधीतरी कशात तरी चिरडलं होतं, वरची दोरी तुटली आणि तशीच राहिली. टोकांच्या सांध्यांवर हे खडे आहेत, ते वयाचे." बाबा म्हणाले, "वल्हं." "वल्ह्याने असं होत नाही. दार असेल." बाबा खिडकीबाहेर पाहू लागले. खिडकीबाहेर गाड्या ठेवायची जागा होती. ती ते फार वेळ पाहत राहिले. आपण काय मोडलं, ते डॉक्टर बिरितांना कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. त्यांनी मला सांगितलं की दोर सुईने टोचून तोडता येतो, पुढेमागे पुन्हा धरू शकतो, पण नाताळात ऑर्गन नक्की वाजवाल. पुढच्याच आठवड्यातली वेळ दिली.

परतताना मालान बोगदाभर आपल्या इंजेक्शनविषयी बोलत होती. बाबा गप्प होते. "झाकारिसला माझी दया आली," तिने बाबांकडे पाहत दान्यालला सांगितलं.

घरी आल्यावर बाबांनी कोट काढला नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाले, "सुन्वा, सुई टोचून घेऊ नकोस." मी केटली चुलीवर ठेवली. "माझं खोटं निघालं. आता या घरात खरं असं तुझंच एक उरलं. तेही सरळ केलंस, तर मग आपण कोण?" मी चार दिवस विचार केला. एका बाजूला एक बोट आणि काही भजनं, दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्या माणसाचा सगळा जन्म. ऑर्गनला दुसरा कोणी मिळेल, बाबांना दुसरं घराणं कुठून मिळणार? की हा माझा त्याग नसून नुसता भित्रेपणा आहे? (हे दोन्ही माझ्यात इतके सारखे दिसतात की मी लेबलं लावायचं सोडून दिलं आहे.) पाचव्या दिवशी मी रुग्णालयाला नको म्हणून कळवायला फोन उचलला.

"फोन ठेव," आई म्हणाली. ती खिडकीपाशी विणत होती. मी फोन हातात धरून उभी राहिले, कारण आई अशी बोलत नाही. तिने विणकाम मांडीवरून टेबलावर ठेवलं, एक सुई काढून घेतली, उजवा हात टेबलावर पालथा टाकला आणि डाव्या हाताने ती सुई खालून सरकवली. सुई त्या बाजूने आत गेली आणि या बाजूने घरंगळत बाहेर आली. मग तिने तळहात वर केला. गाठ होती, आणि करंगळीपर्यंत दोर. करंगळी अर्धी मिटलेली. मला आधी तिच्या हाताचा नव्हे, दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला: तो हात मी रिकामा असा कधी पाहिलाच नव्हता. त्यात नेहमी सुया असतात, किंवा केटली, किंवा कोणाचा तरी मोजा.

"तो विणकामाचा घट्टा आहे," बाबा म्हणाले. ते नुकतेच बाहेरून येऊन कोटासकट दारात उभे होते.

"वीस वर्षं तुम्ही मला हेच सांगताय," आई म्हणाली. "आणि वीस वर्षं फेरात मला डाव्या बाजूला घेऊन हा हात स्वतःच धरताय, दुसऱ्या कोणाला धरू देत नाही. बायका म्हणायच्या, काय प्रेम आहे. मीही तेच म्हणायचे. बोललेय कधी काही?"

बाबांनी कोटाचं एक बटण काढून पुन्हा लावलं.

"आणि तुमचं ते बोट कुठे सापडलं, ते पन्नास वर्षं कुणाला सांगितलं मी? आमच्या बटाट्याच्या तळघराच्या दारात. माझ्या वडिलांना चुकवून खाली लपला होतात." ती माझ्याकडे वळली. "गावी परत जाऊन वल्हेबोट उगवलं म्हणाले. मी म्हटलं, असू दे. संसार करायचा तर माणसाचं एखादं बोट खोटं असलं तरी चालतं. पण पोरीचा सूर थांबवायचा नाही. खरं बोट घरात हवंय ना? हे घ्या, आहे. तिचं सरळ होऊ द्या."

(दार बाहेरून कोणी लावलं, असं मी विचारलं. आई म्हणाली, "ते हेदिनला विचार." विचारत नाही, फक्त कळवते आहे.)

बाबांनी कोट काढला, आईसमोर बसले, तिचा हात घेतला आणि त्या दोरावरून अंगठा फिरवला, आंधळा माणूस फिरवतो तसा नव्हे, ओळखीचा रस्ता पायाखालून जातो तसा. "दुखतं का?" त्यांनी विचारलं. "नाही," आई म्हणाली. "मग मी वीस वर्षं कशाला काळजी केली," असं काहीतरी ते पुटपुटले. मला उद्देशून, पण माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जा. घे टोचून. जाताना मफलर घाल."

गेल्या आठवड्यात जाऊन आले. बधीर केलं होतं, दुखलं नाही, पण शिवण उसवावी तसा आवाज आला आणि अनामिका उघडली. मी ती पाहत बसले. मी रडले असं लिहिणार होते, पण डोळे ओले झाले तेवढंच. ते रडण्यात धरावं का, तुम्ही ठरवा. आज सकाळी पट्टी नव्हती, ऑर्गनला बसले. प्रत्येक पट्टीवर एकच बोट पडलं. पाद्रीबाबा म्हणाले, आज वादनात दुःख जरा कमी होतं. आई पहिल्या रांगेत होती, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून, विणकामाशिवाय. लोकांनी भजनापेक्षा तेच जास्त पाहिलं.

तुमचा गुडघा जपा. मामींना आईने विणलेले मोजे वेगळ्या पाकिटाने पाठवले आहेत.

दहाही बोटं तूर्त सरळ असलेली तुमची भाची,
सुन्वा

ता. क. – कॉफी रद्द झालेली नाही. बाबा तीन दिवस गप्प होते. चौथ्या दिवशी न्याहारीला नवी हकीकत घेऊन उठले. तरुणपणी ते तुमच्या बेटावर फेरात नाचले, तेव्हा एका मुलीचा हात हातात येताच त्यांनी ओळखलं की अस्सल वल्ह्याचा हात तो हाच, आणि म्हणून लग्न केलं. मी म्हटलं, तेव्हा आई बावीस वर्षांची होती, गाठ तर नंतर आली. ते म्हणाले, "येणारी गाठ ओळखणं यालाच नजर म्हणतात." पन्नास वर्षं ज्यांना ते बटाटेवाले म्हणत आले, ते तुम्ही लोक आता थेट पहिल्या बोटीतले आहात. रविवारी फेराची म्होरकी म्हणून आईचं नाव जाहीर होणार आहे. तिला सगळी कडवी पाठ आहेत, हेही आम्हाला आत्ताच कळलं.

ता. क. २ – आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. डॉक्टर बिरितांनी आईकडच्या माणसांची चौकशी करायला सांगितली आहे, आणि मालानने "एका हाताने घराणं होत नाही" असं दुकानात जाहीर म्हटलं आहे. तरी तुमचे दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवून नातीकडून फोटो काढवून घ्यावा आणि कॉफीच्या रविवारपूर्वी पाठवावा. बाबांनी चौकट आणून ठेवली आहे.

ता. क. ३ – तुमचे तळहात स्वच्छ असतील, तर कृपा करून उत्तरच पाठवू नका. धुक्यामुळे टपालाचं विमान उतरलं नाही, असं मी सांगेन. (मला खोटं बोलायला लावू नये म्हणून, गाठ नसल्याचं कळवायचंच असेल, तर इकडे धुकं आहे असं पाहूनच पत्र टाका.)